फळ्यावरचा बुधवार

रविवार, १६ नोव्हेंबर

पुन्हा तेच! कारखान्याची पाळी सुटली, बाया गेल्या, आणि मुकादम टकरसाहेबांची हाक — "हर्मिना, तुझं अक्षर चांगलं. सुट्ट्यांचा फळा लिही जरा." अन्सिल्माची उद्याची आठवडी सुट्टी पुसून बुधवारी लिहायला लावली. बाकीच्यांचे वार गेल्या आठवड्यातच हलवले. बुधवारी एकोणीस तारीख. आमचे पूर्वज किनाऱ्याला लागले तो दिवस — कारखाना तसाही बंद!

"मग तिची एक सुट्टी बुडाली ना, साहेब?"

"अक्षर चांगलं आहे, तेवढंच ठेव."

लिहिलं. येताना अन्सिल्माच्या दारावरून आले. सांगायला थांबले नाही. भीती वाटली.

सोमवार, १७

ती आली नाही. कशी येईल? तिच्या आईला जाऊन वर्ष झालं. आज पहाटे दुखवट्याचे काळे कपडे उतरवून समुद्रात न्हायचं होतं. हजेरीत लाल फुली.

मंगळवार, १८

पिवळा झगा घालून आली. वर्षाने रंग! संत्री निवडता निवडता बाया ओरडल्या, "अगं बया, नवरी कुणाची?" ती लाजली. तेवढ्यात टकरसाहेब — "न सांगता गैरहजर. घरी जा. शुक्रवारी निकाल."

"फळ्यावर सोमवारच होता, साहेब!"

"दाखव की."

तिने फळा पाहिला. माझं अक्षर ती ओळखते. माझ्याकडे पाहिलं नाही.

बुधवार, १९

पहाटे पूर्वज आले तशा होड्या आल्या, ढोल वाजले. अख्खं गाव किनाऱ्यावर. अन्सिल्मा शेजारी येऊन उभी राहिली.

"काल कामगार कचेरीत गेले होते. सण आठवडी सुट्टीवर आला तर बदली दिवस द्यावाच लागतो म्हणे. शुक्रवारी माणूस येतोय. पण वार हलवल्याचा पुरावा मागतो गं! खडूच तो, पुसला की गेला." मग हळूच — "तुला काही आठवतं?"

"नाही."

खोटं. सगळं या वहीत आहे. मार्च, मे, सप्टेंबरचे सण — कुणाचा वार कधी हलवला, तारखेसकट. कुणाशी बोलता येईना म्हणून लिहीत गेले. बाहेर आलं तर मीही कामावरून जाणार. घरात कमावणारी मी एकटी.

गुरुवार, २०

वही जाळायला चूल पेटवली. मासा शिजवला. वही तशीच.

शुक्रवार, २१

कचेरीचे साहेब, मार्चपासून वाचा. अक्षर माझंच आहे. फळ्यावरचंही.