सगळे मावतील असा कॅमेरा

दादा,

आम्ही दोघं ठीक आहोत, हिचा खोकलाही थांबला. आईचा गुडघा कसा आहे? तिला उगाच जिना चढायला लावू नकोस.

धाकटीच्या लग्नात घरच्यांचा फोटो काढताना तू हिला म्हणालास, "तू जरा बाजूला हो, सगळे मावत नाहीत." ही बाजूला झाली. मी विसरलो नाही.

परवा एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडून त्याचा वापरलेला पॅनोरमा कॅमेरा घेतला, रोलचा. बाहेरून घासलाय, पण काच स्वच्छ आहे. आपलं अख्खं घर एका ओळीत मावेल, वर जागाही उरेल.

सुट्टीत तो घेऊन येतोय. ही मधोमध उभी राहील, आईशेजारी. कडेच्या माणसांचे चेहरे यात काळवंडतात, असं म्हाताऱ्याने आधीच बजावलंय. तुझी जागा कडेला.

आईला नमस्कार.

तुझाच धाकटा भाऊ