जेथे आहे, जसे आहे

प्रिय बाकबंधू,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो, वहिनींचा खोकला गेला का, आणि तुम्हा दोघांत सध्या कोण कोणावर रुसलंय, ते सविस्तर कळव. आमचं उत्तम चाललंय. महिनाअखेर ही भाड्याची जागा सोडायची आहे (घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि नव्या जोडप्याला नेमक्या आमच्याच दोन खोल्या आवडल्या), एवढं सोडलं तर. पण काळजी नको. अरे, घर सापडलं!

झालं असं, की बँकेने जप्त केलेल्या एका घराच्या लिलावाची जाहिरात मोबाइलवर आली. दुमजली, बाग, विहीर, ताबा रिकामा. आणि काय तो फोटो! वरच्या मजल्यावर निळी खिडकी, तिच्यावर चढलेला वेल. पाहताच शाळा सुटल्याची घंटा ऐकल्यासारखं वाटलं मला. खाली एक ओळ होती : ‘जेथे आहे, जसे आहे’. (मोठ्याने म्हणून बघ. चालीत बसते. गुरुजींनी फळ्यावर लिहिली असती, तर आठवडाभर डोललो असतो आपण.) मी ती हिला तीनदा म्हणून दाखवली. ही म्हणाली, “चाल पुरे. आधी संडास कुठे ते बघा.” हिचं आयुष्यभराचं मागणं एकच : बसायला कट्टा असलेली खिडकी. चाळीस वर्षांत सात घरं बदलली, खिडक्या मिळाल्या, कट्टा कुठेच नाही. म्हणून मी तडक बँकेत जाऊन बोलीची अनामत भरली. साहेबांनी विचारलं, “आजोबा, घर पाहिलंत ना?” म्हटलं, “मनाने.”

मग दोघं प्रत्यक्ष पाहायला गेलो. दुसरा मजला म्हणजे गच्चीतून वर आलेल्या चार गंजक्या सळ्या. बाग शेजाऱ्यांची (एक फांदी भिंतीवरून वाकते, तेवढी आपली). विहीर कुठे म्हणून शोधत होतो, तर हिने माझ्या पायाखालचं गटाराचं झाकण दाखवलं. तरी मी उमेद धरून दार वाजवलं. आत तीन शिलाई मशिनी, दोरीवर ब्लाउजच ब्लाउज, आणि गळ्यात टेप घातलेली एक बाई. “लिलावाचे का? या, तुम्ही चौथे. चहा टाकू?”

“जाहिरातीत तर घर रिकामं आहे,” मी म्हणालो.

“हो का? मग मी कोण?”

मालक कर्ज बुडवून पसार झालेला, ती बिचारी त्याची भाडेकरू, जायला दुसरी जागा नाही. हे सगळं सांगता सांगता तिने माझी उसवलेली बाही टाचून दिली, अंगावरच. बाहेर आल्यावर ही एवढंच म्हणाली, “तिला उठवून मला कुठलीच खिडकी नको.”

मी बँकेत जाऊन तावातावाने बोललो. साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं : जेथे आहे, जसे आहे. म्हणजे असेल त्या स्थितीत घ्या, मागाहून तक्रार चालणार नाही. कविता आधी पाठ करायची आणि अर्थ मागाहून बघायचा, ही आपली शाळेतलीच खोड. बोली लावली नाही, अनामत परत मिळेल म्हणतात. पण मी सांगतो तुला, इतक्या आनंदात मी कैक वर्षांत नव्हतो!

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाकावरचा डावीकडचा

ता. क. : घर सापडलं ते कोणतं, हे राहिलंच. जाहिरातवाल्याने फोटो दुसरीकडूनच उचलला होता. हिने चष्मा पुसून पाहिला आणि म्हणाली, “अहो, हे तर तुमच्या बाकबंधूंचं घर!” वरची खोली भाड्याने द्यायची म्हणून तू मोबाइलवर टाकला होतास ना, तोच फोटो. ज्या खिडकीत बसून आपण पाठांतर केलं, ती मलाच ओळखू येऊ नये! (तेव्हा तिला रंग नव्हता.)

ता. क. दुसरा : खोली अजून रिकामी आहे ना? म्हणजे खरोखर? दुसरं कुणी पाहायला आलं, तर गेली म्हणून सांग. माझी काहीही अट नाही. जेथे आहे, जसे आहे.

ता. क. तिसरा : ही म्हणते, चाल पुरे. कट्टा आहे हे तिला आठवतंय, संडास वर आहे की खाली, तेवढं कळव.