चांदणीचं पान आणि माझा उजवा डोळा

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (वाकताना कंबर धरली, तेव्हा मनापासून केलाय असं समज). तुझे गुडघे, भूक, झोप सगळं ठीक असावं. माझं विचारशील तर ठीक आहे, पण तसं ठीक नाही.

सूनबाईने नवा नाद लावून घेतलाय. टॅरो म्हणतात त्याला. त्यातली पानं दिसतात पत्त्यांसारखी, पण त्यांनी रमी खेळता येत नाही (मी विचारून पाहिलं, हसली). दर पानावर चित्र, दर चित्राला अर्थ. मनात प्रश्न धरायचा नि पानं ओढायची. शेजारणी येऊन मुलींची लग्नं नि नवऱ्यांच्या बदल्या विचारून जातात. माझा प्रश्न तुला ठाऊकच आहे. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, पुढच्या गुरुवारी ऑपरेशन ठरलंय आणि याआधी दोनदा मी ते पुढे ढकललंय (एकदा खोकला म्हणून, एकदा खोकला होईल म्हणून). चिरंजीव म्हणतो, "बाबा, या खेपेला उचलून नेईन." तेव्हा म्हटलं, पानांना विचारावं.

पहिलं निघालं मनोऱ्याचं. वर वीज कोसळलेली, दोन माणसं डोकं खाली, पाय वर अशी पडतायत. सूनबाई म्हणाली, अचानक मोठा बदल. बदल कसला! मी जन्मभर नळ दुरुस्त केले. गच्चीवरच्या टाकीवर चढलेल्याला विचार, वीज म्हणजे काय ते. दुसऱ्या पानावर एका पायाने उलटा टांगलेला माणूस, चेहरा मात्र जेवून उठल्यासारखा. अर्थ म्हणे, जगाकडे वेगळ्या बाजूने बघणं. मी म्हटलं, "अगं, टांगल्यावर दुसरी बाजू उरते कुठे?"

तिसरं चांदणीचं. सूनबाई टाळ्या पिटायचीच बाकी होती. "बाबा, वादळानंतरची आशा! बरं होण्याचं पान आहे हे!" मधली मोठी चांदणी वाट दाखवणारी, भोवती लहान सात. मला सातच्या चौदा दिसल्या, आणि मोठीभोवती धुकं (धुकं पानावर नाही, असं तिचं म्हणणं).

पण खाली बघ. तळ्याकाठी एक बाई गुडघा टेकून बसलीय, दोन हातांत दोन घडे, नि दोन्ही ओततेय. एक जमिनीवर, एक तळ्यात! भरल्या तळ्यात पाणी कोण ओततं? शिवाय एक पाय पाण्यात, म्हणजे शेवाळावर. सूनबाईच्या मते एक पाय मनात नि एक व्यवहारात. मी म्हटलं, माणसं घसरतात ती अशीच. मग जेवताना मला एकदम उलगडलं. दोन घडे म्हणजे दोन डोळे! दोन्ही वाहतायत, नि वायसर बदलायला कुणी नाही. घास घशातच अडकला. चिरंजीवाला सांगितलं, तर म्हणाला, "बाबा, ऑपरेशन एकाच डोळ्याचं आहे." पाणी पाज म्हटलं तर ते मात्र उशिरा आणलं.

तू दोन्ही डोळे करून घेतलेस नि लगेच सुईत दोरा ओवायला बसलीस. तू पहिल्यापासूनच तशी. विहिरीत उडी तू मारायचीस, मी काठावर तुझ्या चपला सांभाळायचो.

आशीर्वाद असू दे.

तुझा,
भागूबाई (नाव तूच ठेवलंयस)

ता. क. ऑपरेशनला माझी ना नाही. फक्त मी आत जाताना बाहेर बाकावर तू असावीस. या वेळी चपला तू सांभाळ.

आणखी एक. तू "बघू" म्हणशील हे मी ओळखून आहे. म्हणून सूनबाईच्या नकळत चांदणीचं पान या पाकिटात घालतोय. एक पान कमी म्हणजे तिचा खेळ बंद, शेजारणी खोळंबणार. ते परत द्यायला तरी तुला यावंच लागेल.

(पाकिटाच्या पाठीवर) पाकीट चिकटवलं नि सूनबाई पानं लावायला बसली. चांदणी जागच्या जागी आहे. गेलंय ते मूर्खाचं पान. त्याच्या कोपऱ्यात पांढरा सूर्य असतो म्हणे, तोच मला चांदणी वाटला. काठीला गाठोडं बांधून हा गडी थेट कड्याच्या टोकाशी निघालाय, नजर आभाळात. अर्थ म्हणे, न भिता पाऊल टाकणं. मला विचारशील तर त्यालाही मोतीबिंदू आहे. ताई, आम्हा दोघांनाही धरायला ये.