चाळीस मुलींच्या तारखा

आई, तू काय काम करायचीस ते मी इथं कोणाला नीट सांगितलेलं नाही. मुलींच्या हॉस्टेलवर होती, एवढंच सांगते, आणि लोक समजतात स्वयंपाकाला असेल. समजू देत. आता मीही मुलींच्याच हॉस्टेलवर आहे, इंग्लंडात लेस्टरला, अकरावं वर्ष चालू आहे. त्याला इथं हॉल म्हणतात. चार मजले, नुसत्या मुली, युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या. मी दोन मजले झाडते, त्यांची किचनं पुसते, आणि मंगळवारी-शुक्रवारी प्रत्येकीच्या बाथरूममधली कचऱ्याची छोटी बिन रिकामी करते. चौथी शिकलेल्या बाईला आणखी काय देणार. तुला जाऊन बावीस वर्षं झाली, मला पन्नासावं लागलं. तुझी आठवण आली म्हणून लिहीत नाही. राग आलाय म्हणून लिहिते.

आपल्या हॉस्टेलच्या मागं, न्हाणीघराच्या भिंतीला लागून एक तार होती. मुली आपली कापडं धुवून तिथं वाळत घालायच्या, वरून जुना टॉवेल टाकायच्या, कोणाला दिसू नये म्हणून. तू सकाळी बंबात ढलप्या सारता सारता त्या तारेकडं बघत बसायचीस. मला वाटायचं, चोरीला जाऊ नये म्हणून बघते. तुला सही येत नव्हती, पण चाळीस मुलींच्या तारखा तुझ्या डोक्यात होत्या. कोणाची पाळी कधी येते, कोणाची लांबली. महिना संपला की रेक्टरबाई तुला ऑफिसात बोलवायच्या आणि दार लावून घ्यायच्या.

सहा नंबरच्या खोलीत डी.एड. करणारी एक मुलगी होती. ती माझी वेणी घालायची, इतकी घट्ट की दिवसभर डोळे ताणलेले राहायचे. एका सोमवारी तिचे वडील तिची ट्रंक न्यायला आले. अजून दिसतात मला. चपला फाटकाबाहेर काढून अंगणात अनवाणी उभे आहेत, मान वर करत नाहीत. ती तुला म्हणाली, "मावशी, मला कावीळ झाली होती, म्हणून लांबली. औषध तर तुम्हीच आणून देत होता." तू फाटकाची कडी काढून उभी राहिलीस. दुपारी भाकऱ्या करताना मी विचारलं तर माझ्यावर उलथनं उगारलंस. "मी खोटं बोलले का? जे दिसलं ते सांगितलं. पुढचं ठरवायला शिकलेली माणसं आहेत." त्या दिवाळीला रेक्टरबाईंनी तुला जरीकाठाचं लुगडं दिलं, आणि तू ते गल्लीभर दाखवत फिरलीस.

आता माझं ऐक. सप्टेंबरात दुसऱ्या मजल्यावर लंडनकडच्या हॅरोची एक मुलगी राहायला आली. आई-बाप पुण्याकडचे, दोघं कॉम्प्युटरवाले. मी मराठी आहे कळल्यावर मला मावशी म्हणायला लागली. तिचं मराठी म्हणजे मोडकं खेळणं. "मावशी, मी बिन बाहेर ठेवला आहे. तुम्हाला वाकायला नको." एकदा पोहे करायला गेली आणि फोडणी जाळली. अलार्म वाजला, सगळा हॉल अर्धा तास पार्किंगमध्ये थंडीत उभा. मी म्हटलं, "अगं, मोहरी तडतडल्यावर गॅस बारीक करायचा की नाही?" तर म्हणते, "आई बोलली मोहरी तडतडली पाहिजे. किती तडतडली पाहिजे ते नाही बोलली."

ती जन्माला मुलगा म्हणून आली होती हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. कसं ते विचारू नकोस. खोली झाडणाऱ्या बाईला सगळं कळतं, हे तुला काय सांगायचं. मला त्याचं काही वाटलं नाही. मुलगी होती, मुलींसारखी राहत होती, तिच्या मोरीत केस अडकलेले नसायचे. ऑफिसला माहीत होतं, माहीत असून त्यांनी खोली दिली होती. विषय संपला.

पण तिला त्या सिस्टर्समध्ये जायचं होतं. हॉलमधल्या वीस-बावीस मुलींची ती टोळी. अमेरिकेतल्या कॉलेजांत असं असतं म्हणे, कोणीतरी बघून आली आणि इथं सुरू केलं. नव्या मुलींमधून पाच-सहाजणी हात वर करून निवडतात. निवडलं की जांभळी हुडी, रविवारचं एकत्र जेवण, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या मोठ्या घरात खोली. मला ते पोरखेळ वाटायचं. मी म्हटलं, "हात वर करून निवडायला तू काय सरपंच आहेस?" ती खूप हसली. मग सिंकपाशी उभी राहून म्हणाली, "मावशी, मला कधी मुलींचा ग्रुप नव्हता. शाळेत मुलं घेत नव्हते, मुली पण नाही घेत. इथे घेतलं तर मला परत कोणाला विचारायला नको, मी तुमच्यात येऊ का." मी फ्रिज पुसत राहिले.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सिस्टर्समधल्या दोघींनी मला कॉमन रूममध्ये बोलावलं. एक गोरी, दुसरी आपल्यासारखीच, हिंदी बोलणारी. हिंदीवालीनंच सुरुवात केली, "आंटी, एक छोटीशी गोष्ट. सगळ्यांच्या बिन तुम्हीच काढता ना? तिच्या बिनमध्ये कधी पॅड दिसलं का?" गोरी लगेच म्हणाली, "आम्हाला कोणाला दुखवायचं नाही. आमचा ग्रुप मुलींचा आहे, म्हणून फक्त खात्री करायचीय." हळूहळू बोलत होती, लहान पोराशी बोलावं तसं.

तुझ्या बिनमध्ये काय काय असतं ते सांगू का या गोरीला, असं हिंदीवालीला म्हणता आलं असतं. कचरा उचलते, वाचत नाही, असं म्हणता आलं असतं. मॉप पिळताना, बसमध्ये, भाजी चिरताना अशी डझनभर उत्तरं मला नंतर सुचली. तेव्हा मी म्हटलं, "नाही दिसलं."

"कधीच नाही?"

"सप्टेंबरपासून नाही."

बघ. महिन्यासकट.

तिच्यासाठी एकही हात वर झाला नाही. मेसेज आला, तू आमच्यात बसत नाहीस असं वाटतं, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी ठीक होतं. पण गोष्ट मजल्या-मजल्यावर फिरली. ती किचनमध्ये आली की बोलणं बंद व्हायचं, मायक्रोवेव्हचा आवाज तेवढा. एका मंगळवारी सकाळी तिच्या दाराबाहेर पॅडचं न फोडलेलं पाकीट ठेवलेलं, वर रिबीन बांधलेली. बाहेर पडलेलं उचलायचं काम माझंच. मी वाकले तेवढ्यात तिनं दार उघडलं.

"मावशी, हे तुम्ही ठेवलं?"

"मी कशाला ठेवू?"

"पण तुम्ही त्यांना सांगितलं."

आणि माझ्या तोंडून तू बोललीस, आई. अगदी तुझा आवाज. "मी खोटं नाही बोलले. जे दिसलं ते सांगितलं."

"काय दिसलं?"

"काहीच नाही दिसलं."

"मग माझ्याबद्दल काय सांगितलं तुम्ही?" ती म्हणाली. रडत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. वर्गात हात वर करून विचारावं तसं विचारलं. मी पाकीट काळ्या पिशवीत टाकलं आणि पुढच्या खोलीचं दार वाजवलं.

ख्रिसमसच्या सुट्टीआधी तिची आई गाडी घेऊन आली. मुलगी खोली रिकामी करत होती, परत येणार नव्हती. आई जिन्यात भेटली, हातात उशी आणि कुकर. "तुम्हीच मराठी मावशी का हो? ती फोनवर सांगायची. मी यांना म्हणायचे, तिथं आपलं एक माणूस आहे, काळजी करू नका." मी कुकर धरला. गाडीपर्यंत नेऊन दिला. मुलगी मागच्या सीटवर बसली होती, कानात हेडफोन. तिनं काच खाली केली नाही, आणि बरोबर केलं.

मला कोणी काही बोललं नाही. मॅनेजरला पत्ता नाही. सिस्टर्स रविवारी जेवतात आणि सोमवारी त्यांची ताटं मी घासते. त्या हिंदीवालीनं परवा मला गुड मॉर्निंग केलं.

तुझ्यावर मी जन्मभर दात खाल्ले. त्या वेणीपायी, त्या लुगड्यापायी. पण तुला निदान भीती होती. नवरा गेलेला, पदरात मी, राहायची खोली हॉस्टेलची. रेक्टरबाईंनी विचारल्यावर गप्प राहिली असतीस तर आपण दोघी रस्त्यावर. हे मला आता कळतंय म्हणून मी तुला माफ केलं असं समजू नकोस. सहा नंबरची ती मुलगी पुढं मास्तरीण झाली की नाही हे तू कधी शोधलं नाहीस. मीही हॅरोचा पत्ता ऑफिसातून मागून घेतलेला नाही.

हे पत्र टपालात टाकायचं नाही. तू असतीस तरी तुला शेजारणीकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि हे मी दुसऱ्या बाईच्या तोंडून तुला ऐकवणार नाही.

तेव्हा एवढंच लिहून घडी घालते. मी स्वतःला सांगत आलेय की त्या शुक्रवारी मला घाई होती, शिफ्ट संपत आली होती, झटकन बोलून गेले. घाई नव्हती. त्या दोघींनी मला सोफ्यावर बसवलं होतं. अकरा वर्षं मी तो सोफा पुसतेय, त्यावर बस असं मला कधी कोणी म्हटलं नव्हतं. चहा दिला, दूध किती घालू विचारलं. त्यांना काय ऐकायचंय ते मला त्यांनी विचारायच्या आधीच कळलं होतं, आणि मला ते त्यांना द्यावंसं वाटलं.