पंख्याखालचा माईक

मंगळवार, संध्याकाळ

आज शाळेत नववीच्या पोरांना नाटक शिकवायला गेलो. प्रत्येकाला सांगत होतो, आधी मधोमध ये, मान वर कर, मग बोल. एक पोरगी म्हणाली, "आजोबा, मधातच काऊन यावं लागते?"

वर पाहिलं, तर पंखा. आमच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, नाटकात स्टेजच्या मधोमध असाच वरून एकच माईक टांगलेला असायचा. मरायचं असलं तरी त्याच्याखाली जाऊन मरायचो. तो माईक अजून डोळ्यांसमोर हलतो. पोरांना खरं ते सांगून टाकलं, की मधोमध यायचं ते त्या माईकपायी, दुसरं कारण नाही. वर्गाच्या बाई मागे उभ्या राहून ऐकत होत्या. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्याला उद्या कायले बोलावतील?

निघताना त्याच पोरीने पंखा बंद केला. "उद्या पण बंदच ठेवू जी. माईकात पंख्याचा आवाज येते."

बाई हसल्या. म्हणजे उद्या जायचं ना?