‘मागचं दार’ कुणाचं

४ ऑक्टोबर १९३८, कॅन्सस सिटी

ग्रामोफोनची तबकडी आली! ‘मागचं दार’. खाली छापलंय — रचना : हॉबर्ट मेरिवेदर. तीनदा वाचलं. स्पेलिंग बरोबर. नाव चूक.

सॅक्सोफोन मेरिवेदरांचा, आमच्या बँडच्या मालकांचा, मान्य. असा वाजवलाय की अंगावर काटा येतो. पण त्याच्या मागे फिरणारी लकेर, जी आता न्हाव्याच्या दुकानातही गुणगुणतात, ती माझी! जूनमधल्या तालमीत मी धरली, बाकीचे मागून आले. आमच्या बँडची रीतच ती. एकानं धरायचं, इतरांनी उचलायचं. कागदाकडे कोण बघतो!

५ ऑक्टोबर

आणि कागद केला कुणी? मीच. वॉशिंग्टनला हक्काच्या नोंदणीसाठी चाल लिहून पाठवायची होती आणि बँडमध्ये नीट लिहिणारा मी एकटा. मालक म्हणाले, “कारकून, वर तूर्त माझं नाव टाक. मग बघू.” टाकलं. त्यांच्या आडनावात ‘आर’ एक की दोन, हेसुद्धा विचारून घेतलं. गाढव!

९ ऑक्टोबर, टोपेका

‘मागचं दार’ चार वेळा वाजवलं. लोकांना तबकडीतलंच हवं, सुराला सूर. मालकांनी जरा वेगळी वाट धरली तर एक बाई ओरडली, “अहो, विसरलात का?” मला बरं वाटलं. वाटू नये, पण वाटलं.

पुढचं दार फक्त गोऱ्यांसाठी, म्हणून नंतर हॉटेलच्या मागच्या दारातून आम्हा काळ्यांची ताटं आली. गार.

१० ऑक्टोबर

बसमध्ये विचारलंच. लकेर माझी, मग नाव तुमचं का? मालक बरगडीचं हाड चोखत म्हणाले, “अरे, हवेतली चीज ती! बँड माझा, बस माझी, मग बसमधली हवा कुणाची?” सगळे खो खो हसले.

ड्रमवाला सायलस म्हणाला, “कारकूनसाहेब, पुरावा आणा! तुम्ही तर शिंक आली तरी वहीत लिहिता.”

हसा. आणतो पुरावा.

ओडेल असता तर माझ्या बाजूनं बोलला असता. ट्रम्पेट वाजवायचा, दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. फेब्रुवारीत क्षयानं गेला. बँडमध्ये मला नावानं हाक मारणारा तो एकटाच.

१२ ऑक्टोबर, कॅन्सस सिटी

ट्रंक उघडली. जुन्या वह्या तारखेप्रमाणे लावल्या. मेपासून मागे जायचं. लकेर जूनच्या आधी कुठेतरी टिपलेली असणारच. मी काहीच सोडत नाही.

१३ ऑक्टोबर

सापडली. १९ जानेवारी. माझंच अक्षर, एकही खाडाखोड नाही. तीच लकेर, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. खाली लिहिलंय — ‘ओडेल रोज सकाळी ट्रम्पेटवर ओठ तापवताना हे वाजवतो.’

पान फाडलं. पट्टी लावून, सरळ, कुणाला कळू नये असं.