सीटखालची टाकी

ति. दादांना,

कागदावरच साष्टांग नमस्कार (खरोखर वाकलो तर सरळ करायला दोन माणसं लागतील). तुमचा गुडघा आणि वहिनींचा खोकला कसा आहे? तुमची बहीण रुसून तुमच्याकडे येऊन आज बारा दिवस झाले, तेव्हा माझी कीर्ती तुमच्या कानावर आलीच असेल. आता माझीही बाजू ऐका.

मोटार जुनी आहे, कबूल. तुमच्या-माझ्या जन्माआधीची. पण स्टिअरिंग ढिलं आहे म्हणून ही जी बोंब मारते, ती शुद्ध अतिशयोक्ती. चाक फिरवल्यावर गाडीला ते कळायला जरा वेळ लागतो, इतकंच (तुमच्या बहिणीला हाक मारली तर याहून जास्त लागतो). म्हणून मी वळण यायच्या आधीच वळायला सुरुवात करतो. कोपऱ्यावरचा न्हावी आम्हाला पाहून खुर्ची आत ओढतो, पण तो स्वभावानेच भित्रा.

त्या दिवशी आम्ही चढ चढत होतो, रिव्हर्समध्ये. हसू नका. या गाडीत पंप नाही, पेट्रोल टाकीतून आपलं आपण इंजिनाकडे उतरतं. टाकी कमी भरलेली असली आणि चढावर गाडीचं नाक वर गेलं, की ते इंजिनापर्यंत पोचत नाही, म्हणून चढ उलटाच चढावा लागतो. मान मागे वळवून मी चाकाला जरा जोर दिला, तर ते अख्खं हातात आलं! मी ब्रेक दाबला (त्या ब्रेकचं कौतुक मेलं कोणी करत नाही), चाक हिच्या मांडीवर ठेवलं आणि जरा धर म्हणालो. चाकाचा नट घरंगळत हिच्या सीटखाली गेला होता. हिला उठवून गादी उचलली, तर खाली टाकी. म्हणजे मला ठाऊक होती, हिला नव्हती. अकरा महिने ही पेट्रोलवर बसत होती. पेट्रोल भरताना मी हिला आठवणीने दुकानात पाठवायचो, आणि बिचारी ते प्रेम समजायची. इथे माझं चुकलं. त्यात सीटखाली अंधार, नट दिसेना, म्हणून मी काडी ओढली.

दादा, हिने एका फुंकरीत ती विझवली, काडेपेटी गटारात भिरकावली आणि चाक बगलेत मारून तडक तुमचं घर गाठलं. तेव्हा कृपा करून ते चाक परत पाठवावं. ओझं आहे, हरवायला नको, म्हणून हिच्याच हाती पाठवलंत तर बरं.

तुमचा,
भाऊजी

ता. क. : चाकाची तशी घाई नाही. गाडी मंगळवारीच गॅरेजवाल्याला विकली. तो दोर बांधून ओढत घेऊन गेला.

आणखी एक ता. क. : सकाळी सवयीने दोन कप चहा होतो आणि दोन्ही मलाच प्यावे लागतात. घर अगदी खायला उठतं हो. पण गाडी विकल्याचं हिला सांगू नका. गाडी असूनही माझ्यासाठी येते का, तेवढं मला पाहायचंय.

शेवटचं : रविवारपर्यंत नाही आली, तर मात्र लगेच सांगून टाका.